देखभालीच्या तेरा पायऱ्या

वस्तू बिघडते ती वापरल्यामुळे. छत्री उघडली की तिची काडी मोडते, पेनने लिहिलं की शाई संपते, आणि खुर्चीवर कोणी बसलं की ती करकरू लागते. तेव्हा वस्तू टिकवायची असेल तर तिचा वापर थांबवणे हा देखभालीचा पहिला, आणि खोलात शिरून पाहिलं तर एकमेव नियम होय. हाच नियम माणसांनाही लागू आहे, आणि कित्येक कार्यालयांत तो निष्ठेने पाळला जातो.

ज्या गृहस्थांची ही हकीकत आहे ते अशाच एका कार्यालयातून, म्हणजे मध्यवर्ती धान्यगोदामाच्या अधीक्षकपदावरून, सन्मानाने निवृत्त झाले. बत्तीस वर्षांत त्यांच्या गोदामातून एक दाणाही गहाळ झाला नाही. (एक दाणा बाहेरही गेला नाही, असं काही असंतुष्ट लोक म्हणत. पण ते लोक भुकेले होते, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती मानता येत नाही.) निवृत्तीनंतरही गल्लीत सगळे त्यांना अधीक्षकच म्हणत, आणि त्यांच्या पत्नीला अधीक्षकीणबाई.

आता एवढा अनुभवी माणूस घरात नुसता बसवून ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून पहिल्या चार महिन्यांत बाईंनी त्यांच्यावर तीन कामं सोपवली. मिक्सरची सफाई: पूर्ण झाली, मिक्सर आजही सुट्या भागांच्या रूपात बरणीत सुरक्षित आहे. रद्दीची विभागणी: चालू आहे, दिवाणखान्यात चालायला एक वाट मोकळी ठेवली आहे. कुंड्यांना पाणी घालणे: झाडांनी एकामागोमाग एक माना टाकल्या, म्हणून ते काम बाईंनी परत स्वतःकडे घेतलं. चौथं काम सोपवायची कोणाची छाती होईना. अधीक्षकांना हे कळत होतं. वरून ते वर्तमानपत्र वाचत, पण आतून त्यांना फार वाईट वाटे.

अशा वेळी लेकीने आणि जावयाने दूरच्या शहरातून डीप फ्रीझर पाठवला. पांढराशुभ्र, आडवा, पेटीसारखं वर उघडणाऱ्या झाकणाचा, एखादा माणूस पाय पोटाशी घेऊन झोपेल एवढा. लेक फोनवर म्हणाली, "आई, मी येते तेव्हा तू चोवीस तास गॅससमोर उभी असतेस. तुझी पाठच बघून परत जाते मी. आता आधी करून ठेवायचं, गोठवायचं, आणि मी आले की माझ्याजवळ बसायचं. कळलं?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. अधीक्षकांनी फ्रीझरची लांबी, रुंदी आणि खोली मोजली. बत्तीस वर्षांच्या अनुभवाला पुन्हा एक कोठार मिळालं होतं.

मागच्या खोलीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, फ्रीझरची स्थापना झाली आणि त्याच दिवशी नियमावली भिंतीवर लागली:

१. झाकण उघडण्यासाठी लेखी मागणी आवश्यक. (कागद शेजारीच खिळ्याला अडकवला आहे. पेन अधीक्षकांकडे मिळेल.)

२. झाकण अकरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ उघडं राहणार नाही. सेकंद मोठ्याने मोजले जातील. मोजताना मध्येच कोणी बोलल्यास पुन्हा एकपासून.

३. फ्रीझर नेहमी तीन चतुर्थांश भरलेला असावा. रिकाम्या जागेत थंडीचा जीव रमत नाही.

४. बिघाडाचा संशय आल्यास झाकण मुळीच उघडू नये. बंद झाकणाखाली थंडी दोन दिवस टिकते, उघडलं की लगेच पळते.

५. जे आधी आत गेलं, तेच आधी बाहेर येईल.

यातला पाचवा नियम थेट गोदामातून आला होता आणि तिथे त्याने मोठं काम केलं होतं. घरात त्याची पहिली परीक्षा दुसऱ्याच मंगळवारी झाली.

"अहो, मटारांचा डबा द्या," बाई म्हणाल्या. "भातात घालायचेत."

अधीक्षकांनी रजिस्टर उघडलं. "क्रम माशांचा आहे."

"मासे नकोत मला. मटार हवेत."

"मटार सहावे आहेत. मासे, सूप, मका, परत मासे, गाजर आणि मग मटार. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचतो आपण मटारांपर्यंत."

"आणि भात?"

"भात थांबेल. भात कुठे जातोय?"

त्या आठवड्यात दोघांनी मटारांपर्यंत पोचण्यासाठी वाटेतलं सगळं खाऊन काढलं. शुक्रवारी मटार आले तेव्हा कोणाच्याही पोटात जागा नव्हती. पण क्रम मोडला नव्हता.

आकडेच द्यायचे तर पहिल्या नऊ आठवड्यांत एकूण एक्केचाळीस तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यातल्या अडतीस तोंडी, दोन भांडी आपटून आणि एक नुसती बघून. (नुसती बघून केलेली तक्रार सर्वांत गंभीर होती. तिच्या खाली अधीक्षकांनी लाल शाईने रेघ ओढली आहे.) आणि मग दहाव्या आठवड्यापासून, काय चमत्कार झाला कोण जाणे, तक्रारी शून्य! त्याच्या पुढच्या आठवड्यात शून्य, त्याच्याही पुढच्या आठवड्यात शून्य. पुढे दहा महिने त्या रकान्यात नुसती शून्यं, ओळीने मांडलेल्या वाट्यांसारखी.

चांगली व्यवस्था लोकांना सुरुवातीला जड जाते आणि नंतर अंगवळणी पडते, हे अधीक्षक नेहमीच सांगत आले होते. आता तर बाई मागणी करण्याआधी स्वतः रजिस्टर बघत आणि ज्याचा नंबर असेल तेच मागत. नवीन डबे आणून देत तेही झाकणाला चिकटपट्टी लावून, वर सुवाच्य अक्षरात 'मटार', 'मासे', 'गाजर सूप' असं लिहून. अधीक्षक प्रत्येक डबा काट्यावर ठेवत. आणि काय सांगावं, मटार असोत, मासे असोत की सूप असो, डबा बरोबर एक किलो! एवढी शिस्त त्यांनी बत्तीस वर्षांत एकाही पुरवठादारात पाहिली नव्हती.

आणि चव! अधीक्षक घास तोंडात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "चार महिन्यांचे मटार आहेत हे. वाटतात का? काल सोलल्यासारखे आहेत. याला म्हणतात देखभाल!"

"तर काय," बाई म्हणत आणि आणखी वाढत.

याच काळात घरातल्या कुंड्यांनी अचानक जोर धरला, गच्च पानं फुटली. (याचा फ्रीझरशी काही संबंध असल्याचं रजिस्टरवरून दिसत नाही.) बाईही सारख्या पिशवी घेऊन शेजारच्या शिवणकाकूंकडे मापं द्यायला जाऊ लागल्या. दहा महिन्यांत मापं साठ वेळा घेऊन झाली, पण शिवून एक कपडा आला नाही. शिवणकाम हे असंच रेंगाळणारं काम आहे, अशी अधीक्षकांनी मनाशी नोंद केली.

या शिवणकाकूंकडेही एक डीप फ्रीझर होता, आणि तो आठवला की अधीक्षकांच्या अंगावर काटा येई. झाकणाचं रबर एका बाजूने सुटलेलं, म्हणून झाकणावर वजनाला जुनी लोखंडी इस्त्री. आत कसलाही क्रम नाही, मटारांवर मासे, माशांवर आइस्क्रीम. रजिस्टर तर सोडाच, साधी यादीसुद्धा नाही. घरातलं कोणीही येतं, झाकण उघडतं, आत डोकं घालून "काय खावं बरं" म्हणून विचार करत उभं राहतं! फ्रीझर थांबला की काकू त्याला गुडघ्याने एक ढोसणी देत, की तो पुन्हा सुरू. अशा घराचं पुढे काय होणार, याची अधीक्षकांना खरोखर काळजी वाटे.

आणि मग लेकीचा फोन आला. दोन वर्षांनी ती येत होती, जावयासकट, शनिवारी सकाळी, चार दिवसांसाठी.

बाईंनी आधीपासूनच कंबर कसली होती. दोन महिने त्या रोज काहीतरी शिजवत होत्या आणि फ्रीझरमध्ये बरोबर चाळीस डबे जमा झाले होते, चार दिवसांची सगळी जेवणं. या चार दिवसांत गॅससमोर उभं राहायचं नाही, लेकीजवळ बसायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती इच्छा आता पांढऱ्या पेटीत, अधीक्षकांच्या ताब्यात होती. आयुष्यात पहिल्यांदाच लेकीच्या येण्यात आपलाही काही वाटा आहे, या विचाराने अधीक्षकांचा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आलेला माणूस स्वस्थ बसत नाही. त्यांनी आगमनपूर्व विशेष देखभाल करायची ठरवली आणि शनिवारपर्यंत झाकणाला सक्तीची विश्रांती दिली.

पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर त्यांनी पायऱ्या लिहून काढल्या. पहिली, हात धुणे. दुसरी, फ्रीझर भिंतीपासून पुढे ओढणे. तिसरी, मागची जाळी तपासणे. चौथी, स्टॅबिलायझरमधून फ्रीझरचा प्लग काढून तिथे व्हॅक्यूम क्लीनरचा प्लग लावणे, कारण त्या खोलीत दुसरं सॉकेट नव्हतं. पाचवी ते दहावी, जाळीवरची धूळ वरून खाली, खालून वर आणि तिरकी ओढून घेणे. अकरावी, व्हॅक्यूम क्लीनर काढून त्याची वायर गुंडाळणे. बारावी, फ्रीझर मागे ढकलणे. तेरावी, हात धुणे.

सोमवारी सकाळी तेराही पायऱ्या निर्दोषपणे पार पडल्या. फ्रीझरचा प्लग परत लावणे ही चौदावी पायरी यादीत नव्हती, कारण पुठ्ठा तेरा ओळींतच संपला होता.

परिणाम लगेच दिसून आला. इतके दिवस फ्रीझर घुंईऽऽ असा आवाज करायचा, तो सोमवारपासून एकदम गप्प. "धूळ होती, धूळ!" अधीक्षक म्हणाले. "आता बघ, चालतोय की नाही तेसुद्धा कळत नाही." स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा तर डोळ्यांत भरेल असा लागलेला होता. मंगळवारी त्यांनी रजिस्टरमध्ये 'स्थिती: अत्युत्तम' असं लिहिलं. बुधवारीही तेच लिहिलं.

गुरुवारी सकाळी फ्रीझरखाली पाणी दिसलं, पोळपाटाएवढं. दुपारपर्यंत ते परातीएवढं झालं.

अधीक्षकांचा हात झाकणाकडे गेला. पण अशाच प्रसंगासाठी तर नियम असतात. त्यांनी नियम क्रमांक चारसमोर उभं राहून शांतपणे विचार केला. फ्रीझर चालू असेल तर झाकण उघडायची गरज नाही. फ्रीझर बंद असेल तर झाकण उघडणं म्हणजे हाताने सत्यानाश. म्हणजे दोन्ही बाजूंनी झाकण उघडायचं नाही हेच सिद्ध होत होतं. आपण किती बिनचूक नियमावली केली आहे, याचा त्या संकटातही त्यांना क्षणभर अभिमान वाटला.

"अगं, घाबरू नकोस," ते बाईंना म्हणाले. "पण कदाचित... फ्रीझर गेला असेल."

बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. "असं होय," त्या म्हणाल्या. "उद्या मेकॅनिकला बोलवा. आणि आधी जेवून घ्या."

या शांतपणाने अधीक्षक आणखीच हादरले. बिचारीला धक्का बसला आहे, असं त्यांनी ताडलं. त्या दिवशी त्यांनी ताट तसंच परत केलं. दोन महिने ती राबली, आणि ठेवायला दिलं कोणाजवळ, तर माझ्याजवळ.

शुक्रवारी मेकॅनिक आला. तोंडात स्क्रू धरून बोलायची सवय असलेला गडी.

"झाकण उघडा काका."

"उघडता येणार नाही."

"मग आत गार आहे की नाही, हे मला कसं कळणार?"

"ते उघडल्याशिवाय कळत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

मेकॅनिकने तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला. झाकणाला कान लावला. "आवाज नाही काही."

"सोमवारपासून नाही. मी सफाई केल्यापासून."

"सफाई तुम्ही केलीत?"

"तेरा पायऱ्यांत."

मेकॅनिक "हं" म्हणाला आणि फ्रीझरच्या मागे वाकला. तिथे, भिंतीच्या कडेला, एक प्लग तिन्ही पाय वर करून पडला होता. मेकॅनिकने तो दोन बोटांत धरून वर केला.

"काका, हा कोणाचा?"

अधीक्षकांनी निरखून पाहिलं. "फ्रीझरचा."

"आणि हा दिवा?"

"स्टॅबिलायझरचा."

"म्हणजे चार दिवस नुसता स्टॅबिलायझर चालू होता."

"अगदी व्यवस्थित," अधीक्षक म्हणाले.

मेकॅनिकने प्लग लावला. घुंईऽऽ सुरू झालं. दुरुस्ती संपली. आता मात्र झाकण उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अधीक्षकांनी ते उचललं आणि सवयीने मोजायला लागले, "एक... दोन..." सातला त्यांनी 'मटार' लिहिलेला डबा उचलला. तो डुचमळला. चिकटपट्टी ओढून पाहतात तो आत पाणी. मग 'मासे' उघडले, तिथेही पाणी. 'गाजर सूप' म्हणजे पाणी. स्वच्छ, नितळ, तळ दिसेल असं.

"वितळलं," अधीक्षक पुटपुटले. "सगळं वितळलं."

मेकॅनिकने डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "काका, हे पाणी आहे."

"आता पाणी आहे. सोमवारी मटार होते."

"अहो, बावीस वर्षं फ्रीझर दुरुस्त करतोय मी. मटार वितळत नाहीत."

"शंभर तास ठेवून पाहिलेत कधी?"

मेकॅनिकने पाहिले नव्हते.

अधीक्षक स्टुलावर बसले आणि रडू लागले. अगदी लहान मुलासारखे, नाक ओढत. उद्या सकाळी लेक येणार, तिची आई पुन्हा तिच्याकडे पाठ करून गॅससमोर उभी राहणार, आणि हे सगळं माझ्या एका प्लगमुळे. मिक्सर गेला, झाडं गेली, आता हेही.

बाई दारात आल्या. त्यांनी मांडलेले उघडे डबे पाहिले, नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि पदर खोचून त्या समोर जमिनीवरच बसल्या.

"अहो, रडू नका. ते पाणीच होतं."

"काय?"

"वितळायच्या आधीही पाणीच. नळाचं, काकूंकडे गोठवून आणलेलं." बाई खाली बघत होत्या. "दहाव्या आठवड्यापासून. खरे डबे शिवणकाकूंच्या फ्रीझरमध्ये आहेत. मापं द्यायला जायचे ना, ते तेव्हा. तुमच्याकडून जो नंबर निघेल, तेच त्यांच्याकडून आणायचं. इथलं पाणी वितळलं की झाडांना घालायचं."

अधीक्षकांनी खिडकीतल्या गच्च कुंड्यांकडे पाहिलं. "आणि उद्याचे चाळीस डबे?"

"काकूंकडे. आत्ताच बघून आले. दगडासारखे आहेत."

"त्या इस्त्रीखाली!"

"हो, त्या इस्त्रीखाली."

मेकॅनिक आपली हत्यारं पुन्हा पुन्हा पिशवीत भरत राहिला, कारण इतकी चांगली गोष्ट अर्ध्यावर सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?" अधीक्षकांनी शेवटी विचारलं.

"एक्केचाळीस वेळा सांगितलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही लिहून घेतलंत." मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही इतके रमला होतात. सकाळी उठून दाढी करायला लागला होतात. म्हटलं, असू दे."

"म्हणजे मी दहा महिने पाणी सांभाळत होतो?"

"छान सांभाळलंत हो. एक थेंब गहाळ झाला नाही."

शनिवारी लेक आणि जावई आले. चार दिवस बाई लेकीजवळ बसल्या, इतक्या की लेकच म्हणाली, आई, जरा ऊठ, पाय मोकळे कर. मटार, मासे, सूप, ज्याला जे हवं ते, हवं तेव्हा, कसल्याही क्रमाशिवाय शेजारून येत होतं. आणायचं काम अधीक्षकांकडे होतं आणि ते त्यांनी चोख केलं. (पिशवी न्यायची, काकू देतील ते आणायचं. पायऱ्या दोन.) तिसऱ्या दिवशी शिवणकाकू इस्त्री उचलता उचलता सहज म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला एवढं कळतं यातलं. आमच्याही फ्रीझरकडे एकदा बघा ना." तेव्हा भिंतीपलीकडून बाईंची किंकाळी ऐकू आली. त्यानंतर हा विषय निघाला नाही.

निघताना लेकीने विचारलं, "बाबा, फ्रीझर कसा चाललाय?"

"बाबांनी अगदी नव्यासारखा ठेवलाय," बाई म्हणाल्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

अधीक्षकांनी वार्षिक अहवाल पूर्ण केला आहे. एकूण साठा: पाणी. नुकसान: निरंक. दुरुस्तीचा कालावधी: प्लग लावायला लागतो तेवढा. पुठ्ठ्याला दुसरा पुठ्ठा जोडून चौदावी पायरी लिहिली आहे. तक्रारींच्या रकान्यातली ती दहा महिन्यांची शून्यं मात्र त्यांनी बराच वेळ बघितली, आणि ज्या लाल शाईने त्यांनी बाईंच्या त्या नुसत्या बघण्याखाली रेघ ओढली होती, त्याच शाईने सगळ्या शून्यांना गोल केला.

हे वाचून आपल्याला हसू आलं असेल, तर ते योग्यच आहे. आपण काही अधीक्षक नाही. आपलं घर, आपलं कार्यालय, आपल्या हाताखालची माणसं, सगळं कसं सुरळीत चाललं आहे, हिरवा दिवा लागलेला आहे, आणि आपल्या कारभाराबद्दल हल्ली कोणाची एक तक्रार म्हणून येत नाही. अभिनंदन! फक्त जमलं तर एकदा, कोणी बघत नसताना, एखादा डबा उचलून कानाशी हलवून बघा.